ब्लाउज वाजवणारा भाऊ

माझा भाऊ गिटार वाजवायचा आणि मी ब्लाउज शिवायचे. एवढ्या दोन गोष्टींवर आमच्या गावानं कित्येक वर्षं फुकटची करमणूक करून घेतली.

झालं असं, की तो पूर्णेहून परत आला तेव्हा स्टँडवरच्या हॉटेलात कुणीतरी त्याला विचारलं, हे लाकडी धूड काय आणलंस आणि ह्यावर तू वाजवतो तरी काय. त्यानं सरळ सांगितलं, ब्लूज. हॉटेलात बसलेल्यांपैकी एकालाही तो शब्द माहीत नव्हता, पण त्याच्या जवळपासचा एक शब्द सगळ्यांना माहीत होता. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की टेलरबाईचा भाऊ ब्लाउज वाजवतो. दुसऱ्या दिवशी कापड टाकायला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून विचारायला लागल्या, इथं शिवलेला ब्लाउज भेटतो का वाजवलेला. मी म्हटलं, माप द्या आणि चालत्या व्हा.

मी तेव्हा सासर सोडून माहेरी आलेली होते. का सोडलं ते इथं सांगणार नाही, त्याचा गिटारशी काही संबंध नाही. घरात आबा, म्हणजे आमचे वडील, आणि मी. माय बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीच वारली होती. आमचं गाव शहागडच्या अलीकडं, मोठ्या रस्त्याला लागून. तेव्हा जालना जिल्हा झालेला नव्हता, कागदावर आम्ही औरंगाबाद जिल्ह्यातले. पण मशीनच्या सुया, लग्नाचं कापड आणि दातांचा डॉक्टर, ह्या तिन्हीसाठी माणूस जालन्यालाच जायचा.

भावाचं पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी उगाच वाट बघत बसणार नाही. तो मोठा झाला नाही. त्याची रेकॉर्ड निघाली नाही, पेपरात फोटो आला नाही, मुंबईहून बोलावणं आलं नाही. तो जालन्यात बँडपार्टीत राहिला, बेंजो शिकला, हार्मोनियम शिकला, क्लॅरिनेटही फुंकली. जिथं बोलावतील तिथं गेला. उरुसात कव्वालांच्या मागं बसला, नाताळात ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेला वाजवलं, जाफराबादकडच्या जलशांत वाजवलं, चतुर्थीला राजूरच्या गर्दीत भजनी मंडळाच्या शेजारी गिटार घेऊन बसला. ह्यावरून आमच्या वस्तीतल्या लोकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बौद्ध असून गणपतीपुढं वाजवतो म्हणजे काय? तो म्हणायचा, मी गणपतीपुढं कुठं वाजवतो, गणपतीपुढं बसलेल्या माणसांपुढं वाजवतो.

लोक म्हणायचे, एक ना धड, भाराभर चिंध्या. मी टेलर आहे. चिंध्यांची वाकळ होते आणि थंडीत तीच अंगावर लागते, हे मला कुणी शिकवायला नको. पण हेही खरं, की त्यानं कव्वाली वाजवली काय आणि भजन वाजवलं काय, त्यात कुठंतरी एक सूर मुद्दाम खाली घसरायचा, हळूहळू, पायरी चुकल्यासारखा, आणि मग सावरायचा. जुने कव्वाल त्याच्यावर ओरडायचे. नंतर तेच मैफिलीला बसताना विचारायचे, तो घसरणारा आला का? म्हातारपणी त्यानं स्टेशनजवळ एक खोली घेऊन पोरांना शिकवलं. मग बोटं आखडली. मग तो गेला. झालं त्याचं करिअर.

मला सांगायचंय ते वेगळंच आहे आणि त्यासाठी मागं जावं लागतं.

आमच्या घराकडं गावची सनई होती. सनई होती म्हणजे मान होता असं कुणी समजू नये. लग्न पाटलाचं असो की वाण्याचं, आबांनी सनई घेऊन हजर राहायचं. मांडवात जायचं नाही. मांडवाच्या तोंडाशी जिथं वऱ्हाडी चपला काढतात, तिथं त्या चपलांच्या ढिगाशेजारी बसायचं. पंगती उठेपर्यंत वाजवायचं आणि शेवटची पंगत उठल्यावर उरलंसुरलं आपल्या भांड्यात घेऊन वस्तीत यायचं. मी लहानपणी भांडं धरायला जायचे, म्हणून मला चपला फार पाठ आहेत. कुणाची चप्पल कशी झिजते त्यावरून मी अजून माणूस ओळखते.

आबा वाजवायचे मात्र असे, की बस. पाठवणीच्या वेळी त्यांची एक चाल होती. नवरी गाडीत बसायला निघाली, की ते ती चाल धरायचे आणि तिच्यात एका जागी सूर वरून खाली यायचा, एकदम नाही, रेंगाळत, जिवावर आल्यासारखा. नेमक्या त्याच जागी बायका रडायला लागायच्या. ज्यांची मुलगी नव्हती त्यासुद्धा. मी लहान होते, मला वाटायचं आबाच त्यांना रडवतात आणि मला आबांचा फार अभिमान वाटायचा.

मग दीक्षा झाली. आमच्या वस्तीनं गावची कामं सोडली आणि घरातले देव गोळा करून टोपल्यांत भरले. ती सगळी मिरवणूक शहागडला गोदावरीवर गेली. आमच्या टोपलीत खंडोबाचा टाक होता, मरीआईचा पितळी मुखवटा होता, आणि त्यावर आबांनी सनई ठेवली. माय म्हणाली, आहो, ही काय देव न्हाई. आबांनी टोपली पाण्यात उलटी केली. देव जड, ते बुडाले. सनई लाकडाची, ती थोडा वेळ पाण्यावर राहिली आणि आम्ही सगळे तिच्याकडं बघत राहिलो. माझा भाऊ तेव्हा आबांच्या खांद्यावर होता.

त्या दिवसापासून आमच्या घरात वाजवणं बंद. वाजवणं म्हणजे काहीही. भाऊ एकदा जेवताना ताटावर बोटांनी ठेका धरत होता, तर आबांनी नुसतं वर बघितलं आणि त्याचा हात तिथंच थांबला. सनई हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. आबांनी तसं कधी सांगितलं नाही, आम्हालाच कळलं. एक सांगायचं राहिलं. घरात आम्ही आबांना अरे-तुरेच करायचो, कागदावर मात्र माझा हात धजत नाही.

भावाचं शाळेत लक्ष नव्हतं. मिसरूड फुटली तसा तो जालन्याहून रेल्वेत बसला आणि पूर्णेला इंजिनं धुवायच्या कामाला लागला. तिथं एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर होता, म्हातारा, एकटा. त्याच्या क्वार्टरमध्ये ग्रामोफोन होता आणि ही गिटार होती. तो ती मांडीवर आडवी ठेवायचा, डाव्या हातात एक लोखंडी कांडी धरून तारांवरून फिरवायचा आणि उजव्या हातानं छेडायचा. माझा भाऊ त्याच्या इंजिनाचा कोळसा झाडायचा आणि संध्याकाळी त्याच्या ओट्यावर बसायचा. दोघांना एकमेकांची भाषा निम्मीच कळायची. पुढं ड्रायव्हरची लेक त्याला ऑस्ट्रेलियाला घेऊन गेली, आणि जाताना तो गिटार ह्याला देऊन गेला.

ड्रायव्हरनं त्याला सांगितलेलं एकच मला नीट आठवतं, कारण भावानं ते मला पुन्हा पुन्हा सांगितलं. ही गाणी ज्यांची, त्यांच्या आज्या-पणज्यांना बाजारात उभं करून विकत होते. आणि त्यांच्याकडून कापूस वेचून घेत होते. भाऊ म्हणायचा, आक्का, तिकडंबी कापूसच. मी म्हणायचे, असेल बाबा, कापूस कुठंही पिकतो, तू पाणी भरून आण.

तो परत आला ते दुष्काळाचं साल होतं. त्याचं काम हंगामी होतं, ते संपलं. आबा तेव्हा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे, सगळं गावच जायचं. संध्याकाळी आबा घरी आले, तर दारात लेक उभा आणि भिंतीला टेकलेली गिटार. आबांनी लेकाला बघितलं, गिटारीला बघितलं, हातोडी कोपऱ्यात ठेवली, तोंड धुतलं आणि चपला पायात घालून स्टँडवर निघून गेले. चार वर्षांनी पोरगं घरी आलेलं. मला असा संताप आला, की मी भाकरी थापता थापता मोडली.

ड्रायव्हरनं गिटार दिली, पण कांडी आपल्याबरोबर नेली होती. मग भावानं काय करावं? माझ्या स्टोव्हच्या पंपाची पितळी नळी काढून बोटात घातली. नवा स्टोव्ह, मी शिवणाच्या पैशातून घेतलेला. मी चुलीपुढं धूर खात बसले आणि हा अंगणात बसून माझा स्टोव्ह वाजवत होता. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, म्हणतात ते हेच.

त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा नीट बसून वाजवलं तेव्हा मी मशीनवर होते. नवीन काहीतरी होतं, ओबडधोबड, तेच तेच फिरून येणारं. मी फारसं लक्ष दिलं नाही. मग एका जागी सूर वरून खाली यायला लागला. रेंगाळत. माझा पाय मशीनच्या पायपट्टीवरच थांबला. मला एकदम चपलांचा ढीग दिसला आणि माझ्या हातातलं भांडं.

मी बाहेर जाऊन विचारलं, हे त्या ड्रायव्हरनं शिकवलं का. तो म्हणाला, चाल त्याचीच आहे, पण ही जागा त्याच्याकडं नव्हती, ती आपोआप येते. ड्रायव्हरलाही नवल वाटायचं म्हणे, तो पुन्हा पुन्हा वाजवून घ्यायचा. मी भावाकडं बघत राहिले. त्याला बिलकुल आठवत नव्हतं. बोलता यायच्या आधी आबांच्या मांडीला लागून बसून सगळी लग्नं ऐकलेलं पोरगं ते, त्याला कसं आठवणार? सनई हा शब्द ह्या घरात उच्चारायचा नव्हता. मी परत मशीनवर जाऊन बसले.

मग ते रोजचंच झालं. ह्यानं गिटार मांडीवर घेतली, की आबा चपला घालणार आणि स्टँडवर जाणार. भांडण नाही, शिवी नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, मी मधे तरी पडले असते.

शेवटी भाऊच एका दुपारी खडीच्या कामावर गेला. सगळे बाभळीखाली भाकरी खात होते. मी आबांची भाकरी घेऊन गेलेले, म्हणून मला हे माहीत आहे. तो आबांच्या पुढं बसला आणि म्हणाला, एकदा तरी ऐक. आबांनी घास संपवला, पाणी प्यायलं, आणि म्हणाले, "वाजवताना तू कुठं बसतो अन् लोक कुठं बसतेत, ते मला आधी सांग."

भाऊ उठून परत निघाला. सांगण्यासारखी जागा त्याच्याकडं नव्हती. तो नुकताच बँडपार्टीत लागला होता आणि मांडीवरची गिटार रस्त्यानं चालत वाजवता येत नाही, म्हणून त्याच्या हातात खुळखुळे दिले होते. लाल कोट घालायचा आणि नवरदेवाच्या घोड्यापुढं खुळखुळे हलवत उलटं चालायचं. पुढं मालकानं एक हातगाडी काढली, तिच्यावर त्याला गिटारसकट बसवलं आणि मागून पोरं गाडी ढकलायची. भावाला वाटलं, आता तरी बसायला जागा झाली. कुणीतरी आबांना हौसेनं जाऊन सांगितलं, तुमचा पोरगा आता गाडीवर बसून वाजवतो. आबा म्हणाले, गाडीवर सामान असतंय.

हे ऐकून भाऊ फार रडला. मोठा माणूस, मिशा असलेला. मी त्याला म्हटलं, सोड नाद, आबा म्हणजे पालथा घडा आहे. त्यानं मान हलवली. म्हणाला, "न्हाई आक्का. आबानं एकदा ऐकावं. मंग मी ह्या जल्मात काही मागत न्हाई."

मला तेव्हा वाटायचं, आबांना गाण्याचाच राग आहे. तसं नव्हतं, हे मला उशिरा कळलं. एकदा स्टँडवरच्या हॉटेलात रेडिओवर सनई लागली होती. मी बाहेर उभी राहून पाहिलं, आबा कप खाली ठेवून संपेपर्यंत बसून होते. हॉटेलात, बाकड्यावर, सगळ्यांच्या बरोबर. वाजवणारा कुठं बसलाय हे रेडिओत दिसत नाही.

दुष्काळ सरला. दोन-तीन वर्षांनी वस्तीनं जयंती मोठी करायचं ठरवलं. विहारापुढच्या मैदानात स्टेज, कर्णा, गायनपार्टी, सगळं. मंडळाची बैठक आमच्याच अंगणात बसली, कारण निळ्या पताका मी शिवत होते आणि कापड किती लागेल हे माझ्याशिवाय कुणाला कळत नव्हतं. भाऊ जालन्याहून मुद्दाम आला होता. त्यानं हळूच विचारलं, मला एक वाजवू द्याल का. मंडळाचे अध्यक्ष चांगला माणूस, पण शिस्तीचा. त्यांनी विचारलं, गाण्यात शब्द काय आहेत. भाऊ म्हणाला, शब्द नाहीत. अध्यक्ष म्हणाले, शब्द नाहीत तर लोकांनी घ्यायचं काय त्यातून? मग दुसरा एक जण म्हणाला, आणि ते ब्लाउजचं गाणं जयंतीच्या स्टेजवर बराबर दिसतं का, समोर आया-बहिणी बसलेल्या असतात. सगळे हसले. भाऊ खाली मान घालून बसला. मी कात्री इतक्या जोरात खाली ठेवली, की हसणं थांबलं.

तिथं आमच्या शाळेचे गुरुजी होते. औरंगाबादला कॉलेज शिकलेले, आमच्याच वस्तीतले पहिले. त्यांनी भावाला विचारलं, तो शब्द एकदा नीट म्हण. भाऊ म्हणाला, ब्लूज. गुरुजींनी दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं. मग ते वर्गात बोलतात तसे बोलले. ब्लाउज नाही ते. ब्लू म्हणजे निळा, आणि पुढं ज लागला की अनेकवचन. निळे. ब्लूज म्हणजे निळ्यांचं गाणं.

माझ्या मांडीवर निळ्या पताकांचा ढीग होता, सगळे त्याच्याकडं बघायला लागले. अध्यक्षांनी विचारलं, हे गाणं कुठलं. भाऊ म्हणाला, अमेरिकेतलं. कोण म्हणतं तिथं? भावानं ड्रायव्हरनं सांगितलेलं सगळं सांगितलं, बाजार, विक्री, कापूस. अध्यक्षांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणजे तिकडंही आपली माणसं आहेत आणि त्यांचाही रंग निळाच आहे, असं त्यांचं मत पडलं. ते आधी सांगायचं ना, म्हणून उलट भावालाच रागावले. कार्यक्रमाच्या कागदावर लिहिलं गेलं: निळ्यांचं गाणं, अमेरिका.

सगळे गेल्यावर भाऊ एकटाच हसत होता. मी विचारलं, काय झालं. तिकडं निळा म्हणजे झेंडा नाही, त्यानं सांगितलं. माणूस आतून खचला, की ते म्हणतात मन निळं झालं. मी म्हटलं, मग गुरुजींना सांगितलं का नाहीस?

"गुरुजी चुकले, आक्का," तो म्हणाला. "पण बराबर चुकले."

मी म्हटलं, आता गप बस आणि खुर्चीचं बघ.

खुर्ची हा मोठा प्रश्न होता. स्टेज म्हणजे दोन बैलगाड्या एकमेकींना लावून वर फळ्या टाकलेल्या. गायनपार्टी सतरंजीवर बसणार होती. पण त्याला ड्रायव्हरनं शिकवलं होतं ते खुर्चीवर. मांडी घालून बसलं की गिटार डुगडुगते आणि नळी घसरते. त्याला बिनहाताची खुर्ची पाहिजे होती आणि अख्ख्या वस्तीत खुर्च्या होत्या त्या हाताच्या. शेवटी गुरुजींनी शाळेतली स्वतःची खुर्ची दिली. एक पाय आखूड होता, त्याखाली मी पताकेच्या कापडाची घडी घातली.

आदल्या दिवशी आबांना भाकरी वाढताना मी एवढंच म्हटलं, आबा, ह्या बारीला त्याला खुर्ची हाय, लोक खाली बसणार हायेत. आबांनी कालवणात भाकरी कुस्करली. मीठ मागितलं.

जयंतीच्या दिवशी उन्हं कलल्यावर मैदान भरलं. शेजारच्या गावांहून लोक आले होते, रस्त्यावरचे दोन ट्रक थांबवून ड्रायव्हर-क्लीनर येऊन उभे राहिले होते. भाऊ स्टेजमागं नळी हातात घोळवत उभा होता आणि माझ्याकडं बघत होता. मी मान हलवली, आबा दिसत नव्हते. गायनपार्टीची गाणी झाली. भाषणं झाली. गुरुजींनी निळ्यांच्या गाण्याची माहिती सांगितली, त्यात विक्री आणि कापूस आला. माझा भाऊ फळ्यांवर चढला, खुर्चीवर बसला, गिटार मांडीवर आडवी ठेवली. पांढरा सदरा, मीच शिवलेला. त्यानं पुन्हा माझ्याकडं बघितलं.

आणि मला आबा दिसले. मैदानाच्या अगदी शेवटी, सतरंज्या संपतात आणि लोकांनी चपला काढून ठेवलेल्या असतात तिथं, चपलांच्या ढिगाशेजारी ते उभे होते. कुणीतरी त्यांना पुढं या म्हणत होतं आणि ते हातानंच नको म्हणत होते. एवढं मोठं मैदान आणि माणूस उभा कुठं राहिला, तर चपलांजवळ. मी भावाला हातानं दाखवलं. त्यानं पाहिलं आणि सुरू केलं.

थोडंसंच वाजलं असेल आणि लाइट गेली. कर्णा गप झाला, माइक मेला. गिटारीचा आवाज तो केवढा, तिसऱ्या रांगेच्या पुढं जाईना. पोरांनी शिट्ट्या मारल्या. लोक बोलायला लागले. अजून उजेड होता, पण कार्यक्रमाचा जीव गेला होता. अध्यक्षांनी भावाला थांबायची खूण केली, लाइट आल्यावर बघू, आधी पोवाडा घेऊ, त्याला माइक लागत नाही. भावानं तारांवर हात ठेवला. मला कळलं, आता परत त्याची बारी येणार नाही आणि तोवर आबा थांबणारही नाहीत.

मागं लोक बाजूला सरकताना दिसले. आबा येत होते. बसलेल्या माणसांच्या मधून वाट काढत, कुणाच्या गुडघ्याला पाय लागला तर हात जोडत, सावकाश. म्हातारा माणूस पुढं येतोय म्हटल्यावर बोलणं कमी कमी होत गेलं. ते पार पुढं आले, स्टेजच्या फळ्यांना हात लावून उभे राहिले आणि मान वर करून लेकाकडं बघायला लागले.

बाप खाली उभा आणि आपण वर खुर्चीवर. आमच्यात असं कुणी बसत नाही. भावानं एका हातानं गिटार सावरली आणि तो घाईनं उठायला लागला. गिटार मांडीवरून घसरली.

"उठू नको," आबा म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण तेव्हा एवढी शांतता होती, की मागं ट्रकवाल्यांनासुद्धा ऐकू गेला असेल. "बसून वाजव."

भाऊ अर्धवट उठलेला तसाच थांबला. मग परत खुर्चीवर बसला. आबा तिथंच, स्टेजच्या पायाशी, मातीत मांडी घालून बसले. त्यांच्या चपला मागं ढिगातच राहिल्या होत्या.

भावानं पहिल्यापासून सुरू केलं. अध्यक्षांनी मधे काही म्हटलं नाही. सगळं मैदान पुढं सरकून ऐकत होतं आणि ती जागा आली. सूर वरून खाली यायला लागला, रेंगाळत, जिवावर आल्यासारखा. बायकांमधून कुणीतरी नाक ओढलं. मी आबांच्या हातांकडं बघितलं. ताटावर बोट वाजलं तरी वर बघणारा माणूस तो. त्यांचे दोन्ही हात मांडीवर एकापुढं एक आले होते आणि सुराबरोबर एकेक बोट उचलत होतं, एकेक बोट पडत होतं, नेमकं, भोकांवर पडावं तसं.

भावाला ते दिसलं नाही, तो डोळे मिटून वाजवत होता. घरी आल्यावर मी त्याला सांगितलं. ती आपोआप येणारी जागा कुणाची, तेही सांगितलं, सनई हा शब्द तोंडानं उच्चारून सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. म्हणाला, आक्का, मायची शपथ घे.

मी मायची शपथ घेतली.